घर आपलं, किल्ली कोणाची?



बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. आधी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मग पाऊस लांबला, मग दिवाळी आली. मधल्या काळात ज्यांनी फोन करून "काका, ब्लॉग बंद केला का?" असं विचारलं त्यांचे आभार. बंद केलेला नाही. एका कामात अडकलो होतो, त्याचीच ही हकीकत.

दादाच्या कॅसेटींबद्दल मी मागे लिहिलं होतं. नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. आमचं गाव आरमोरीच्या बाजूचं, वैनगंगेच्या खोऱ्यातलं. माझा थोरला भाऊ झाडीपट्टीच्या नाटकात काम करायचा. झाडीपट्टी म्हणजे चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हा आमचा धानाचा आणि जंगलाचा मुलूख. दिवाळी झाली की इथे गावोगाव मंडई भरते, शंकरपट होतात आणि रात्रभर नाटकं चालतात. १९८४ सालच्या मंडईत दादाचं नाटक झालं. भाच्याने रंगमंचाच्या कडेला टेपरेकॉर्डर ठेवला आणि नव्वद मिनिटांच्या चार कॅसेटी भरल्या. दादा २०१५ साली गेला. त्याचा आवाज आता तेवढ्या चार कॅसेटींतच आहे.

गेल्या वर्षी नागपूरच्या एका दुकानातून त्या कॅसेटी संगणकावर उतरवून घेतल्या. धाकट्या नातवाने फाइली नीट कापून, अंकवार नावं देऊन लावल्या. आता एकच इच्छा होती. दिवाळीला सगळं घर जमतं, तेव्हा पुढच्या खोलीतल्या टीव्हीवरून ते नाटक सगळ्यांनी मिळून ऐकावं. वहिनी ब्याऐंशीच्या आहेत. त्यांना कानाला फोन लावून ऐकवणं बरं दिसत नाही.

आमच्या टीव्हीच्या मागे एक काडी खोचलेली असते, इंटरनेटवरचे सिनेमे दाखवणारी. कंपनीचं नाव घेत नाही, सगळ्या सारख्याच. ती लावली की पडदाभर जाहिराती येतात. हे बघा, ते बघा, याचे महिन्याला इतके भरा. पण आमच्याच घरातल्या संगणकावरचं, आमच्याच माणसाचं नाटक लावायला तिच्यात जागा सापडेना. नातवाने सांगितलं की कोडी नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे. ते काडीत घातलं की घरातल्या संगणकावरचं सगळं टीव्हीवर दिसतं, चित्रासकट आणि नावासकट. पण काडीच्या दुकानात कोडी नव्हतं, आणि बाहेरून आणून घालायला गेलं तर काडी घेईना. परवानगी देणारं बटणच यादीत दिसेना.

नातू म्हणाला, "आबाजी, कंपनीनं कुलूप लावून ठेवलं आहे. रूट करून टाकतो. मग ही काडी पूर्ण आपली."

मी म्हणालो, "म्हणजे आतापर्यंत कोणाची होती? पैसे तर आपणच दिले ना जी?"

तो हसला. पण माझ्या डोक्यात तो प्रश्न राहिला तो राहिलाच. मास्तरकीची सवय. कुठलाही प्रश्न आला की आधी त्याचा इतिहास बघायचा.

रूट म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण हे वाचणाऱ्यांत माझ्या वयाचेही आहेत. भाड्याच्या घरात तुम्ही राहता, स्वयंपाक करता, पाहुणे बोलावता. पण भिंत पाडायची, खिडकी काढायची म्हटलं की मालकाला विचारावं लागतं. संगणकाच्या जगात या मालकाला 'रूट' म्हणतात. हा शब्द युनिक्स या जुन्या प्रणालीतून आला. तिथे रूट नावाच्या वापरकर्त्याला सगळं करायची मुभा असते. फोन, टीव्हीच्या काड्या, डबे यांत आपण फक्त भाडेकरू असतो, मालकाची किल्ली कंपनीकडे असते. ती किल्ली युक्तीने मिळवणं म्हणजे रूट करणं.

आता गंमत अशी की घरातल्या डब्यावर दुसऱ्याचा हक्क असणं हे आमच्या पिढीला मुळीच नवीन नाही. आमच्या घरी १९६२ साली रेडिओ आला. मी तेव्हा शाळकरी होतो. गावात वीज नव्हती, रेडिओ मोठ्या बॅटरीवर चालायचा. अंगणात दोन बांबू रोवून त्यांच्यामध्ये एरिअलची तार बांधली होती. पण रेडिओबरोबर आणखी एक वस्तू घरात आली आणि ती बाबांनी रेडिओपेक्षाही जपून ठेवली. ती म्हणजे लायसनचं पुस्तक. दरवर्षी पोस्टात जाऊन पंधरा रुपये भरायचे आणि त्या पुस्तकावर शिक्का मारून घ्यायचा. पंधरा रुपये ही तेव्हा लहान रक्कम नव्हती. एका वर्षी धान बुडालं आणि बाबांना भरणा करायला उशीर झाला. तपासणीवाले तालुक्यात आलेत अशी आवई उठली, तसा आईने रेडिओ धानाच्या ढोलीत लपवला आणि वर पोती टाकली. दोन दिवस घरात कोणी मोठ्याने बोललं नाही, जणू त्या ढोलीत चोरीचं सोनं होतं. तपासणीवाले आलेच नाहीत. पण आपल्याच पैशाने घेतलेल्या वस्तूसाठी चोरासारखं वाटणं काय असतं ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

या लायसनची मुळं इंग्रजांच्या काळात आहेत. १८८५ चा तार कायदा होता. पुढे १९३३ चा बिनतारी कायदा आला, त्याने लायसनशिवाय रेडिओसंच नुसता जवळ बाळगणं हासुद्धा गुन्हा ठरवला. त्याआधी २३ जुलै १९२७ ला मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं होतं. ही खाजगी कंपनी, आणि तिची मदार लायसनच्या फीवर. वर्षाला दहा रुपये फी, त्यातला मोठा हिस्सा कंपनीला. पण लायसन घेणारे थोडे होते. लायसन न घेता ऐकणारेही होतेच. तीन वर्षांत कंपनीचं दिवाळं निघालं. मग सरकारने ते काम हातात घेतलं आणि १९३६ साली त्याचं नाव ऑल इंडिया रेडिओ झालं. आमच्याकडे ऐकू यायचं ते नागपूर केंद्र १९४८ सालचं.

स्वातंत्र्य मिळालं तरी लायसन राहिलं. टीव्ही आला तेव्हा त्यालाही लायसन लागलं. शेवटी १९८५ साली घरगुती रेडिओ-टीव्हीचं लायसन बंद झालं. ते दोन्ही जुने कायदे मात्र २०२३ च्या दूरसंचार कायद्याने बाजूला सारेपर्यंत पुस्तकात होते.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. ते कुलूप कागदावर होतं, डब्यात नव्हतं. रेडिओची घुंडी बाबांच्या हातात होती. पन्नाशीच्या दशकात केसकर मंत्री असताना आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. मग लोकांनी काय केलं? घुंडी फिरवली आणि रेडिओ सिलोन लावला. बुधवारी रात्री बिनाका गीतमाला ऐकायला आमच्या ओसरीवर अर्धा गाव जमायचा. लायसन भारत सरकारचं, गाणी सिलोनची! फी भरली नाही तर सरकार दंड करू शकत होतं. पण घुंडी सिलोनकडे फिरवू नये असा बंदोबस्त सरकारला रेडिओच्या आत करता आला नव्हता. शेवटी १९५७ साली विविधभारती सुरू करून आकाशवाणीलाच श्रोत्यांच्या मागे यावं लागलं.

नंतरचा कॅसेटचा काळ तर पूर्ण मोकळा. टेपरेकॉर्डरला लायसन नाही, कुलूप नाही. दोन बटणं एकदम दाबली की भरायला सुरुवात. भाच्याने १९८४ साली दादाचं नाटक भरलं तेव्हा त्याने कुठल्याही कंपनीला विचारलं नाही. नाटकमंडळीच्या मालकाला तेवढं विचारलं, आणि ते योग्यच होतं. योगायोग बघा, त्याच वर्षीच्या जानेवारीत अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने एक निकाल दिला होता. सोनी कंपनीच्या बेटामॅक्स या व्हिडिओ यंत्राविरुद्ध सिनेमा कंपन्या कोर्टात गेल्या होत्या. त्यांचं म्हणणं, या यंत्राने लोक टीव्हीवरचे कार्यक्रम भरून ठेवतात, म्हणून हे यंत्र विकणं हाच अपराध. कोर्टाने सांगितलं की घरातल्या माणसाने नंतर बघण्यासाठी कार्यक्रम भरून ठेवणं हा अपराध नाही. निकाल पाच विरुद्ध चार. एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर काय झालं असतं कोण जाणे.

मग कुलूप कागदावरून डब्यात कधी गेलं? माझ्या वाचनाप्रमाणे १९९८ नंतर. त्या वर्षी अमेरिकेत कायदा झाला की पुस्तक, गाणं, सिनेमा यांना लावलेलं डिजिटल कुलूप तोडणं हाच गुन्हा. पुढच्याच वर्षी टिवो नावाचा डबा बाजारात आला. टीव्हीचे कार्यक्रम भरून ठेवणारा. त्याच्या आत लिनक्स होतं. लिनक्स म्हणजे कोणीही वाचावं, बदलावं, वाटावं असं सॉफ्टवेअर. टिवोने त्याचा मजकूर लोकांना दिलाही, पण तुम्ही तो बदलून परत डब्यात घातला की डबा चालायला नकार द्यायचा. कंपनीची सही नाही ना त्याच्यावर! घराचा नकाशा दिला, पण एक वीट हलवली की दार बंद. मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ उभी करणारे रिचर्ड स्टॉलमन यांनी या प्रकाराला टिवोच्या नावावरूनच नाव दिलं, आणि असा प्रकार थांबवण्यासाठी २००७ साली आपल्या परवान्याची तिसरी आवृत्ती काढली.

आणि ज्या कोडीसाठी आमच्या घरी हा सगळा खल चालला होता, त्याचा जन्मच एका उघडलेल्या कुलपातून झालेला आहे. हे मला माहीत नव्हतं, नातवानेच सांगितलं. मायक्रोसॉफ्टने २००१ साली एक्सबॉक्स हा खेळाचा डबा काढला. आतून तो चांगला संगणकच होता, पण चालवायचे ते कंपनीने सही केलेले खेळच. काही हौशी मंडळींनी तो उघडला आणि त्यावर गाणी-सिनेमे लावणारा प्रोग्रॅम लिहिला. २००२ पासून ते काम चाललं. पुढे त्याचं नाव एक्सबॉक्स मीडिया सेंटर झालं. मग तो साध्या संगणकांवर चालू लागला, एक्सबॉक्स मागे पडला, आणि २०१४ साली त्याने नाव बदलून कोडी केलं. आज तो चालवायला काही फोडावं लागत नाही. पण पहिल्यांदा कोणी तरी फोडलं म्हणून तो आहे.

एक गमतीचा किस्सा सांगतो. अँड्रॉइडचा पहिला फोन २००८ साली आला. त्यात चुकून अशी फट राहिली होती की तुम्ही कळफलकावर जे टाइप कराल ते मागच्या बाजूला मालकाच्या अधिकाराने आज्ञा म्हणूनही जायचं. एकाने गप्पा मारता मारता 'रीबूट' हा शब्द लिहिला आणि फोन खरंच बंद होऊन पुन्हा सुरू झाला! त्या फटीतून लोकांनी तो फोन रूट केला, आणि कंपनीने लगेच फट बुजवली. तेव्हापासून हा उंदीर-मांजराचा खेळ चालू आहे.

कायद्यानेही हळूहळू थोडी दारं उघडली. अमेरिकेत दर तीन वर्षांनी त्या १९९८ च्या कायद्यातून कशाला सूट द्यायची ते ठरतं. २०१० साली फोनला सूट मिळाली, २०१५ साली स्मार्ट टीव्हीला आणि २०२१ साली आमच्या काडीसारख्या उपकरणांनाही. आपल्याकडे कॉपीराइट कायद्यात २०१२ साली ६५-अ कलम घातलं गेलं. त्यात संरक्षणाचं कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे, पण तो तोडणारा हक्क बुडवण्याच्या हेतूने तोडत असेल तर. हेतू हा शब्द महत्त्वाचा. माझ्या भावाचा आवाज माझ्या टीव्हीवर ऐकणं यात कोणाचा हक्क बुडतो?

हेही खरं की या नावाखाली चोरी फार चालते. कोडीत चोरीच्या सिनेमांची भर घालून तयार डबे विकणारे निघाले. युरोपच्या न्यायालयाने २०१७ साली असे डबे विकणं बेकायदा ठरवलं. मला ते पटतं. आमची नाटकमंडळी तिकिटावर जगते. दिवाळी ते होळी एवढाच हंगाम असतो. मंडळीचं नवं नाटक कोणी चोरून भरलं आणि फुकट वाटलं तर दादानेही त्याचे कान उपटले असते.

आता तुम्ही म्हणाल, मास्तर अमेरिका-युरोप फिरून आले, आपल्या मुलखाचं काय? तर आपल्या मुलखाला या प्रश्नाची ओळख सगळ्यात जुनी आहे. फक्त तिथे डब्याच्या जागी बांबू आहे.

मी काही वर्षं धानोरा तालुक्यात नोकरीला होतो. गडचिरोलीहून धानोऱ्याच्या रस्त्याला मेंढा हे गोंड आदिवासींचं छोटं गाव आहे. लेखा गावाला लागून, म्हणून सगळे मेंढा-लेखा म्हणतात. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही त्यांची घोषणा. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावं तुम्ही ऐकली असतील. आमच्या भागात जंगलातून सरपण, कुंपणाच्या काड्या, बांबू आणण्याला निस्तार म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली गोष्ट. पण १९२७ च्या वन कायद्याने बांबूला झाडाच्या व्याख्येत बसवलं. वनस्पतिशास्त्राप्रमाणे बांबू हे गवत, हे मी सातवीच्या मुलांना शिकवत होतो. आणि त्याच मुलांचे बाप कायद्याप्रमाणे झाड असलेला तोच बांबू आणताना अडवले जात होते.

२००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपजात घातला आणि त्यावर गावाचा हक्क मान्य केला. २००९ साली मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. कागदावर मालक झाले. पण बांबू विकायचा तर तो गाडीतून न्यायला वाहतूक परवाना लागतो, आणि ते परवाना पुस्तक वनखात्याच्या कपाटात. म्हणजे जंगल तुमचं, बांबू तुमचा, पण गावाच्या सीमेबाहेर काडी न्यायची तर आमची सही आणा! ही टिवोचीच गोष्ट नाही का?

मेंढ्याच्या लोकांना रात्री बांबू तोडून गुपचूप नेता आला असता. तसं करणारे कुठे नसतात? त्यांनी तसं केलं नाही. ग्रामसभा भरवली, ठराव केले, अर्ज केले, कायद्याची कलमं पाठ केली. ग्रामसभेला परवाना पुस्तक द्या, आमच्या बांबूवर आमचा शिक्का चालला पाहिजे, हा धोशा लावला. २७ एप्रिल २०११ ला केंद्रातले वनमंत्री जयराम रमेश मेंढ्याला आले, आणि वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडलं. पुढे २०१७ साली त्या १९२७ च्या कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून बांबू काढला गेला. नव्वद वर्षांनी सरकारने मान्य केलं की गवत हे गवत आहे.

माझा मुद्दा इथे आहे. कुलूप फोडणं आणि किल्ली मागून घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फोडलेलं कुलूप एका घरापुरतं. मागून मिळवलेली किल्ली पुढच्या गावालाही दाखवता येते. मेंढ्यानंतर गडचिरोलीतल्या कितीतरी ग्रामसभांनी आपला बांबू आणि तेंदूपत्ता स्वतः विकला, तो या किल्लीच्या बळावर. पण हेही तेवढंच खरं की कोणी तरी आधी कुलपाला हात लावल्याशिवाय ते कुलूप आहे हेच लोकांच्या लक्षात येत नाही. एक्सबॉक्स उघडणारी पोरं नसती तर आज मी कोडीबद्दल लिहीत नसतो. त्यामुळे त्यांना नावं ठेवायला माझी जीभ वळत नाही.

मग काडी रूट करायची की नाही?

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. आजवर ती मी कोणालाच सांगितलेली नाही, वहिनींनाही नाही. २०१४ च्या उन्हाळ्यात दादा आमच्याकडे आठ दिवस राहायला आला होता. तब्येत उतरली होती, पण आवाज तसाच. एका संध्याकाळी ओसरीवर बसून त्याने त्याची जुनी भाषणं एकामागून एक म्हटली आणि मी ती माझ्या फोनवर भरली. तासभर तरी असेल. पुढे काही दिवसांनी फोन फार हळू चालू लागला. ओळखीच्या एका मुलाने सांगितलं, "सर, रूट केला की पळायला लागेल." मी म्हणालो, कर. पडद्यावर इंग्रजीत सूचना आली. मी चष्मा लावला नाही. त्याने विचारलं, "हो म्हणू का?" मी म्हणालो, म्हण. त्या सूचनेत लिहिलं होतं की कुलूप उघडताना फोनमधलं सगळं पुसलं जाईल. चोराच्या हाती माहिती पडू नये म्हणून तसं केलेलं असतं. कारण रास्त आहे, सूचनाही दिली होती. दुसरी प्रत मी काढलेली नव्हती. फोन खरंच पळायला लागला. दादाचा तो तास गेला.

दोष त्या मुलाचा नाही, कंपनीचाही नाही. आयुष्यभर मुलांना "प्रश्न दोनदा वाचा, मग उत्तर लिहा" सांगणाऱ्या मास्तराने प्रश्न एकदाही वाचला नव्हता.

म्हणून या वेळी नातवाला म्हटलं, थांब बाबा. आधी तीन प्रश्नांची उत्तरं लिहून आण. रूट केल्याने काय मिळतं? काय जातं? आणि रूट न करता काम होतं का?

दुसऱ्या दिवशी त्याने वहीत लिहून आणलं. मला फार बरं वाटलं. मिळतं ते असं: जाहिराती काढता येतात, नको ते प्रोग्रॅम उडवता येतात, हवं ते घालता येतं. जातं ते असं: वॉरंटी जाऊ शकते, कंपनीकडून येणारी सुरक्षेची सुधारणा अडू शकते, पैसे भरून बघायचे सिनेमे अंधुक दिसतात किंवा दिसतच नाहीत, कारण उघडलेल्या उपकरणावर सिनेमावाल्यांचा भरवसा नसतो. शिवाय मध्येच वीज गेली तर काडीची वीट होऊ शकते, आणि चंद्रपुरात विजेचा डोंगर असूनही वीज कधी जाते हे तुम्ही जाणताच. आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्याने खाली रेघ मारून लिहिलं होतं. कोडीला रूट लागतच नाही.

परवानगीचं ते बटण यादीत होतंच, फक्त लपवलेलं. सेटिंगमध्ये जाऊन काडीच्या नावावर सात वेळा बटण दाबलं की ते उघडं पडतं. सात वेळा! मला आमच्या गावच्या देवळाची आठवण झाली, तिथेही अमुक प्रदक्षिणा घातल्याशिवाय गाभाऱ्याचं दार उघडत नाही. दाबलं, उघडलं, कोडी बसलं. अर्ध्या तासाचं काम.

तरी मला एक गोष्ट खुपत राहिली. सात वेळा दाबून दार उघडलं, पण ते दार ठेवलं कोणी? कंपनीने. तिला वाटलं तर उद्या बुजवेल. २०२५ साली अ‍ॅमेझॉनने वेगा नावाच्या स्वतःच्या नव्या प्रणालीची काडी काढली, तिच्यात साध्या गिऱ्हाइकाला बाहेरचं अ‍ॅप घालायची सोयच ठेवलेली नाही. म्हणजे आम्हाला मिळालं ते निस्तारासारखं आहे, चालतंय तोवर चालतंय. हक्क म्हणून लिहून दिलेलं नाही. आपल्या ग्राहक मंत्रालयाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी एक पोर्टलही सुरू केलं. चांगली सुरुवात आहे. पण वस्तू विकत घेतल्यावर तिची किल्लीही मागता आली पाहिजे, हा ठराव अजून व्हायचा आहे. तो तुम्ही-आम्ही मागितल्याशिवाय होणार नाही.

तोवर आमच्या घरापुरता मी नियम केला आहे. काडी कंपनीची आहे असं समजून चालायचं, पण दादाचं नाटक कधीही काडीत ठेवायचं नाही. ते आपल्या डिस्कवर, कुठल्याही यंत्रावर वाजेल अशा साध्या फाइलींत. एक प्रत माझ्याकडे, एक वहिनींच्या घरी, एक नातवाकडे नागपूरला. आणि ही काडी मोडली की पुढचा डबा असा घ्यायचा, ज्याची किल्ली पहिल्या दिवसापासून हाती मिळते. असे छोटे संगणक मिळतात म्हणे, नातवाने यादी करून ठेवली आहे.

भाऊबीजेच्या रात्री जेवणं झाल्यावर नाटक लावलं. आधी नुसती खरखर, मग पेटीचा सूर, कोणाचं तरी लहान मूल रडलं, मागून प्रॉम्प्टरचा आवाज, आणि मग दादा आला. बेचाळीस वर्षांचा दादा, माझ्यापेक्षा कितीतरी लहान. वहिनी हात पदरात घेऊन बसल्या होत्या. तिसऱ्या अंकात एके जागी दादा वाक्य विसरतो आणि स्वतःच्याच मनाने काहीतरी ठोकून देतो. प्रेक्षक हसतात. वहिनी म्हणाल्या, "घरी पण असंच करायचे."

मग मी त्यांना २०१४ च्या त्या तासाबद्दल सांगितलं. जवळजवळ अकरा वर्षं मनात ठेवलं होतं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, हे तर आहे ना."

असो. ज्यांना फाइली हव्या असतील त्यांनी कळवावं, नातू पाठवेल. आणि तुमच्या घरी जुन्या कॅसेटी असतील तर आधी दोन प्रती काढा, मग कुलपांचं बघू. तुमच्याकडे रेडिओचं लायसनचं पुस्तक अजून कोणी जपून ठेवलं असेल तर मला जरूर सांगा. आमचं उधईने खाल्लं.